दोन नारळांचं गलबत

साडू हे नातं देवानं तुलनेसाठीच घडवलं असावं. भावाभावांची वाटणी एकदा होऊन मिटते. साडूंची जन्मभर चालू राहते, आणि वाटणी करणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी असल्यानं कुठल्या कोर्टात दादही मागता येत नाही. तर आमचे साडूभाऊ मागच्या ऑक्टोबरात ग्रीसला गेले. त्यातही चारचौघं जातात तिकडं नाही, ऱ्होड्स नावाच्या बेटावर. इकडं देवापाशी दिवा लागायच्या वेळेला हिच्या मोबाइलमध्ये तिकडची दुपार उतरायची. दगडी तट, दगडी गल्ल्या, बंदराच्या तोंडाशी दोन उंच खांबांवर उभे असलेले एक हरीण आणि एक हरिणी, आणि या सगळ्यांच्या पुढं अर्ध्या चड्डीतले साडूभाऊ, ज्यांचे गुडघे आम्ही तीस वर्षांत कधी पाहिले नव्हते. प्रत्येक फोटोखाली माहिती असायची. इथं सूर्यदेवाचा अवाढव्य पुतळा होता, तो इ.स.पू. २२६ मध्ये भूकंपात पडला. इथं १३०९ पासून धर्मयोद्धे राहिले आणि १५२२ मध्ये तुर्की सुलतानानं त्यांना हलवलं. ही मोठ्यानं वाचायची, मी भाजी निवडत ऐकायचो. शेवटच्या फोटोनंतर तिनं चश्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "पडून दोन हजार वर्षं झाली, तरी लोक तो पुतळा बघायला जातात. आणि आपण?"

या 'आणि आपण?'ला आजवर कुठल्या नवऱ्याला उत्तर सापडलेलं नाही. आम्ही पिंपळे गुरवचे. आमच्याकडं समुद्र नाही, पवना आहे, आणि तीही उन्हाळ्यात जलपर्णीची शाल पांघरून आजाऱ्यासारखी पडून असते. जुनं असं दाखवायचं तर आमच्याकडं बागेतले डायनासोर. सिमेंटचे आहेत, पण रविवारी त्यांच्यापुढं उभं राहून फोटो काढायला लांबलांबून माणसं येतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसा झालेला प्राणी आमच्या गावात आहे, चारशे वर्षांपूर्वीचं एखादं बंदर मात्र नाही. तसं पाहिलं तर तीन पिंपळ्यांपैकी बंदर असायला हवं ते पिंपळे सौदागरला. नावातच व्यापारी बसवलेला आहे. आमच्या वाट्याला आला गुरव. देवळात दिवा लावावा, पुढ्यात आलेल्या माणसाच्या हातावर अंगारा ठेवावा आणि 'कुठनं आलात?' असं विचारावं, एवढंच त्याचं काम. या कामाला बंदराशी काही देणंघेणं असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

मला तोड सापडली ती एका ग्रीकाकडूनच. इ.स.च्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत एक खलाशी-वजा-व्यापारी आपल्या समुद्राची टिपणं लिहून गेला. पुस्तकाचं नाव 'पेरिप्लस'. लिहिणाऱ्यानं आपलं नाव काही ठेवलं नाही. त्यात आपल्या किनाऱ्यावरची सोपारा आणि कल्याण ही नावं येतात आणि त्यांच्या खाली येतं 'सेमुल्ला'. हे सेमुल्ला म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल. मी हिला म्हटलं, "अगं, ग्रीकांच्या गावाला कुणीही जाईल. ग्रीकांची गलबतं ज्या गावाला यायची, त्या गावाला आपण जाऊ." ही थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फोटो काढण्यासारखं आहे ना काही?" मी मान हलवली. संसारात होकाराइतकंच मान हलवण्यालाही महत्त्व असतं. पुढं अंगाशी आलं तर मान कुठल्या दिशेनं हलली होती हे सांगता येत नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वल्लभनगरहून एस.टी.त बसलो. कार्ला फाटा मागं पडला तसं मी हिला खिडकीतून डोंगर दाखवला. तिथल्या चैत्यात खांब आहेत आणि त्यांतले काही धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिल्याचं त्या खांबांवरच कोरलेलं आहे. यवन म्हणजे तेव्हाचे ग्रीक, किंवा निदान ग्रीकांच्या बाजूचे. दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखातून आलेली माणसं इथं इतकी मुरली होती की वर्गणी देऊन वर आपलं नाव घालून घ्यायलाही शिकली होती. माणूस गावचा झाला याची याहून पक्की खूण कुठली असणार? पहिल्या वर्षी तो मंडळाला वर्गणी द्यायला कुरकुरतो, तिसऱ्या वर्षी देतो आणि दहाव्या वर्षी पावतीवर नाव चुकलं म्हणून भांडतो. ही म्हणाली, "तुम्ही बाराव्या वर्षी भांडला होता." बायकोची स्मरणशक्ती हाही एक शिलालेखच असतो, फक्त वाचायला लिपितज्ज्ञ लागत नाही.

खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग. मग गाडी बदलून आक्षी, नागाव आणि चौल. इथं रस्ता एकदम सावलीत शिरतो. दोन्हीकडं नारळी-सुपारीच्या वाड्या, मधून पाटाचं पाणी, आणि त्या पाण्याचाच आवाज घशात असल्यासारखी बोलणारी माणसं. आम्ही उतरलो. हिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "बंदर कुठाय?" मी रिक्षावाल्याला तोच प्रश्न पुढं सरकवला. तो बिचारा विचारात पडला. "जेट्टी म्हणताय? मासळीची?" नाही म्हटलं, जुनं बंदर. ग्रीक, अरब, पोर्तुगीज. त्यानं आम्हाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "ते सगळे गेले आता." हे त्यानं अशा सुरात सांगितलं की ते सकाळच्या गाडीनं गेले असावेत आणि आम्हीच जरा उशीर केला असावा.

खरंच, चौलात बघायला म्हणाल तर फार काही नाही. रामेश्वराचं देऊळ आहे, त्यापुढं शांत पुष्करणी. तिथं पर्जन्यकुंड आहे; पाऊस रुसला की ते उघडायचं अशी परंपरा आहे. म्हणजे देवाकडं पावसाची टाकी आहे आणि तिची झाकणं गावाकडं, ही व्यवस्था मला पाणीपुरवठ्याच्या कुठल्याही वेळापत्रकापेक्षा विश्वासाची वाटली. पण चौलचं खरं ऐश्वर्य बघायचं ते त्याच्या नावांत. सेमुल्ला हे एक झालं. दुसऱ्या शतकात टॉलेमीनं 'सिमुल्ला' लिहिलं आणि तिथले लोक त्याला 'तिमुला' म्हणतात अशी पुस्तीही जोडली. कान्हेरीच्या लेण्यात 'चेमुला' आहे. अरबांनी 'सैमूर' केलं. जुन्या मराठीत 'चेऊल'. म्हणजे आपल्या गावाचं नाव परगावच्या माणसाला धड उच्चारता येत नाही ही तक्रार निदान अठराशे वर्षांची आहे. आमच्याकडं डबा पोचवायला येणारी पोरं खालून फोन करून 'पिंपल गुरु यही है क्या' असं विचारतात. मी आजवर चिडत आलो. चौलच्या पुष्करणीच्या पायरीवर बसल्यावर प्रथमच वाटलं, की नाव चुकीचं उच्चारायला कुणीतरी येतंय, हेच गावाचं भाग्य. ज्या गावाचं नाव सगळेच बरोबर उच्चारतात, तिथं नवीन माणूस येत नसणार.

चौलला माणसं किती यायची! इ.स. ९१६ मध्ये अल-मसूदी इथं आला तेव्हा त्याला सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे सुमारे दहा हजार मुसलमान इथं नांदताना दिसले, आणि त्यांची इथंच जन्मलेली मुलंही. त्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावला, आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात जोडपी तेवढी वाचली असं बेने इस्राएल लोक सांगत आले. ते इथं तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. धर्म कुठला, देश कुठला याची पंचाईत न करता गावानं फक्त साप्ताहिक सुट्टी लक्षात ठेवली. त्यांनीही गावाचं नाव आडनावात बांधून घेतलं. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा आठवतात ना, ते डेव्हिड? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. नाव बायबलातलं, आडनाव वाडीतलं.

या सगळ्यांत माझा जीव जडला तो एका रशियन माणसावर. अफनासी निकितिन हा त्वेर गावचा व्यापारी इ.स. १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. बरोबर माल म्हणून काय, तर एक घोडा. वास्को द गामा यायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. हा गोरा माणूस रस्त्यानं चालला की गाव त्याच्या मागून चालायचं, असं त्यानंच लिहून ठेवलं आहे. चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला, तिथं पावसाळ्यात अडकला, आणि इकडं चार महिने सगळीकडं पाणी आणि चिखल असतो अशी नोंद त्यानं केली. ही नोंद आमच्या प्रभागात आजही दुरुस्त करावी लागत नाही. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि म्हणाला, धर्म बदल, मग घोडाही देतो आणि वर मोहराही. परक्या गावात, पावसात, जवळची एकुलती एक किमतीची वस्तू दुसऱ्याच्या तबेल्यात. शेवटी खोजा मुहम्मद नावाच्या एका खुरासानी गृहस्थानं मध्यस्थी केली, तेव्हा घोडा सुटला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे. हिनं विचारलं, "याचं एवढं काय कौतुक तुम्हाला?" मी म्हटलं, "अगं, हा मीच आहे."

म्हणजे असं, की मी १९८७ साली लातूर जिल्ह्यातल्या औशाहून निघालो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती आणि आयटीआयचं टर्नरचं सर्टिफिकेट. शिवाजीनगरच्या स्टँडवर पहाटे उतरलो तेव्हा कुणी माझ्या मागून चाललं नाही एवढाच निकितिनमध्ये आणि माझ्यात फरक. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो आणि पिंपळे गुरवला पत्र्याची खोली घेतली. पहिल्या घरमालकानं खोली सोडताना डिपॉझिट अडकवून ठेवलं. तीनशे रुपये. तो माझा घोडा होता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं मध्ये पडून दीडशे सोडवून दिले. घोड्याचे मागचे दोन पाय मिळाले म्हणायचे. निकितिन जुन्नरहून पुढं बीदरला गेला आणि घोडा त्यानं तिथं विकला. बीदर म्हणजे आमच्या मुलखाच्या शेजारीच. थोडक्यात, तो ज्या बाजूला गेला त्या बाजूनं मी पाचशे वर्षांनी उलटा आलो. वाटेत भेट झाली असती तर दोघांनी घरमालकांबद्दल मनसोक्त बोलून घेतलं असतं.

दुसऱ्या खोलीची मालकीण मात्र निराळी. तिनं पहिल्या दिवशी फक्त एक प्रश्न विचारला, "कुठलं गाव रं तुझं?" औसा म्हटल्यावर तिनं ते कुठं आहे हे विचारलं नाही, भाकरीवर ठेचा वाढला. तेव्हापासून कुणीही विचारलं, बँकेत, लग्नात, दवाखान्यात, तरी माझं उत्तर ठरलेलं: "आम्ही औशाचे." तिथलं घर पडलं, भाऊबंद पांगले, मी कंपनीतून निवृत्तही झालो, उत्तर तेवढं कामावर हजर राहिलं.

दुपारी रेवदंड्याला गेलो. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशाहाची परवानगी काढून इथं कोट बांधायला घेतला, १५२४ ला पुरा केला. म्हणजे तिकडं ऱ्होड्सवर सुलतान तट फोडत होता, त्याच सुमाराला इकडं तटाचे दगड रचले जात होते. साडूभाऊंना हे कळवावं असं वाटलं, पण बरं दिसलं नसतं. रेवदंड्याचा कोट मला आवडला, कारण त्याला आपण ऐतिहासिक असल्याची काहीच वर्दी नाही. रस्ता तटातून आत शिरतो आणि आत माणसं राहतात, वाड्या शिंपतात, वाळवणं घालतात. सातखणी नावाचा मनोरा आहे. नावात सात मजले, उभे तेवढे नाहीत. उरलेले वाऱ्यानं सावकाश हप्त्याहप्त्यानं नेले. एका गंजलेल्या तोफेवर एक बकरी चढून समुद्राकडं बघत उभी होती. ऱ्होड्सच्या खांबावरच्या हरणाइतकीच ऐटीत. हिनं तिचा फोटो काढला. त्या दिवशीचा तो सर्वांत चांगला फोटो.

तटावर बसून खाडीपलीकडं कोर्लईचा डोंगर दिसत होता. त्याच्या पायथ्याच्या गावात काही ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात. अर्थ इतकाच, 'आमची बोली'. पोर्तुगीज गेले १७४० मध्ये, कोट मराठ्यांच्या हाती आला, आणि मागं राहिली ही स्वयंपाकघरातली भाषा. तोफा गंजल्या, ती गंजली नाही; भांडणाला आणि लेकरू निजवायला रोज लागत होती ना. मी विचार करत होतो, की चौल नक्की संपलं कसं. १५७० मध्ये निजामशाहानं वेढा घातला तेव्हाही ते संपलं नाही. जळलं नाही, बुडालं नाही, भूकंपात पडलं नाही. मुंबई मोठी होत गेली, गलबतं तिकडं वळली, आणि इथं नवा माणूस यायचा थांबला. बस्स. बंदर समुद्रानं होत नाही. समुद्र काय, गोव्यापर्यंत सगळीकडंच आहे. ट्रंक किंवा घोडा घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला 'कुठला रे तू' असं विचारून जे खोली दाखवतं, ते बंदर. आणि हे मनात येताच मला आमच्या चौकातल्या विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या 'खोली भाड्याने देणे आहे'च्या चिठ्ठ्या डोळ्यांपुढं आल्या. पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहिलेली, बीडची, लातूरची, बुलढाण्याची, बिहारची पोरं आली. पवनेकाठच्या त्या गुरवाकडं इतकी वर्षं मी देऊळ शोधत होतो.

परतताना एका वाडीच्या बेड्याशी ही पांढऱ्या कांद्याची माळ घ्यायला थांबली. आत एक आजी सुपाऱ्या निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "कुठशी आलाव?"

"पिंपळे गुरव," मी म्हणालो.

उत्तर तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. हिनं कांद्यांवरून मान वर करून माझ्याकडं पाहिलं. सदतीस-अडतीस वर्षांत पहिल्यांदा औसा मागं राहिलं होतं, आणि राहिलं तेही कुठलीही कुरबूर न करता. सामान चढवून झाल्यावर स्टँडवर उभं राहणाऱ्या वडिलांसारखं.

आजींचा हात सुपारीवर थांबला. "पिंपळा? माझा नातू तिकडंच हाय. चाकणला कंपनीत जातो, रहायला पिंपळ्याला." कुठल्या पिंपळ्याला, गुरव की सौदागर की निलख, हे त्यांना ठाऊक नव्हतं, टॉलेमीलाही एवढंच ठाऊक असावं. "बरा हाय ना तो?" त्यांनी विचारलं. आता लाखांच्या वस्तीत तो बरा आहे की नाही हे मी कसं सांगणार? पण ही म्हणाली, "बरा आहे हो आजी. सगळी पोरं बरी आहेत तिकडं." आजी उठल्या, आत गेल्या आणि दोन नारळ घेऊन आल्या. सोबत कॅलेंडरच्या कागदावर फोन नंबर. "भेटला तर द्याल?"

एकेकाळी घोडे, रेशीम आणि मसाले उतरवणाऱ्या बंदरातून त्या संध्याकाळी आमचं गलबत निघालं. माल: नारळ दोन, कांद्याची माळ एक. जकात नाही. घाटात गाडी वळली की नारळ सीटखाली गडगडायचे आणि ही पायानं अडवायची. साडूभाऊंनी ऱ्होड्सहून आमच्यासाठी फ्रिजला चिकटवायचं एक लोहचुंबकी हरीण आणलं होतं, पण कुणी भरवसा ठेवून त्यांच्याकडं काही दिलं असल्याचं त्यांच्या बोलण्यात आलं नाही.

पोरगा सापडला काटेपुरम चौकाच्या मागं, आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. रात्रपाळीला निघायच्या घाईत होता, पाठीवर सॅक. खाली आला, अनोळखी काका-काकू बघून बिचकला. हल्ली अनोळखी माणूस दारात आला की काहीतरी विकायलाच आलेला असतो. मी नारळ पुढं केले, म्हटलं, "चौलहून आलेत." त्यानं एक हातात घेतला, कानाशी नेला आणि डोळे मिटून हळूच हलवला. आत पाणी डुचमळलं. चौकातले हॉर्न वाजत होते, कंपनीची बस येऊन उभी राहिली होती, तरी ते आम्हाला तिघांनाही स्वच्छ ऐकू आलं.

"जेवलास का रे?" हिनं विचारलं.